कॉर्व्हेटची निवड : इंजिन आणि कमानी

१९६७ साली अमेरिकेत शेव्हरोलेच्या विक्रेत्याकडे कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घ्यावयास जाणाऱ्या गिऱ्हाइकापुढे इंजिनांची एक यादी ठेवली जाई. त्या यादीतील एक इंजिन ४३५ अश्वशक्तीचे होते आणि त्यासाठी मूळ किमतीवर सुमारे ४३७ डॉलर अधिक पडत. दुसरे एक होते ४३० अश्वशक्तीचे, म्हणजे पाचाने उणेच; परंतु त्यासाठी जवळजवळ ९४८ डॉलर मोजावे लागत. शिवाय ते घेणाऱ्यास गाडीत ऊब देणारा हीटर मिळत नसे आणि रेडिओही मिळत नसे. दुप्पट दाम देऊन कमी शक्ती आणि कमी सोय पदरात घेणारे गिऱ्हाईक कोण असणार? त्या वर्षी एकंदर २२,९४० कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांपैकी हे इंजिन अवघ्या २० गाड्यांत बसले.

ही छपाईतील चूक नव्हती आणि कारखानदाराला हिशेब येत नव्हता असेही नव्हे. हे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाने घेऊ नये, असेच कंपनीला वाटत होते. का वाटत होते, हे ध्यानात येण्यासाठी अशा मोटारीत शक्ती, वजन आणि कमानी यांचे परस्परांशी काय नाते असते, ते आधी पाहिले पाहिजे.

कॉर्व्हेटचा जन्म १९५३ सालचा. दोन माणसांची, काचतंतूंच्या अंगाची ही गाडी प्रथम सहा सिलिंडरांच्या बेताच्या इंजिनावर चालत असे. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरांचे इंजिन मिळाले, आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह या इंजिनिअराच्या हाती आल्यावर ती खरोखरीची स्पोर्ट्स कार झाली. १९६३ ते १९६७ या काळातील दुसऱ्या पिढीच्या गाड्या 'स्टिंग रे' या नावाने ओळखल्या जातात. त्या पिढीच्या शेवटच्या वर्षी निवडीला जेवढा वाव होता, तेवढाच चुकीलाही होता.

इंजिने मुळात दोन घराण्यांची होती. धाकटे ३२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेपाच लिटरचे. थोरले ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे. धाकट्याचे दोन प्रकार मिळत, एक ३०० अश्वशक्तीचा व एक ३५० अश्वशक्तीचा. थोरल्याचे ३९०, ४०० आणि ४३५ असे प्रकार होते. आणि सर्वांत शेवटी ते गूढ ४३०. विक्रेत्यांच्या भाषेत ४३५ चे नाव एल-७१ आणि ४३० चे एल-८८.

गिऱ्हाइकाची नजर साहजिकच अश्वशक्तीच्या आकड्यावर खिळते. पण त्याच माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो, तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाचा आस किती जोराने फिरतो याचा. विहिरीवरची मोट आठवली की या दोहोंतील भेद चटकन उमगतो. बैल एका वेळी किती जड मोट ओढतात, तो त्यांचा जोर; आणि तासाभरात अशा किती मोटा वर येतात, ती त्यांची शक्ती. आता ३०० आणि ३५० अश्वशक्तीच्या दोन्ही इंजिनांचा जोर कागदावर सारखाच होता, ३६० फूट-पौंड. तीच गोष्ट थोरल्या घराण्यात. ३९० अश्वशक्तीचे इंजिन ४६० फूट-पौंड जोर देई आणि ४३५ अश्वशक्तीचेही तेवढाच. भेद एवढाच की पहिले तो जोर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर देई आणि दुसरे ४,००० फेऱ्यांवर. ज्यादा पैसे देऊन जी ४५ अश्वशक्ती हाती येई, ती सारी वरच्या फेऱ्यांतली, म्हणजे इंजिन किंचाळावयास लागेपर्यंत न दिसणारी. गावातून, चौकाचौकांत थांबत जाणाऱ्या माणसाला तिचे दर्शन क्वचितच घडे.

त्या ४५ अश्वशक्तीची किंमत केवळ डॉलरांत मोजून भागत नसे. एल-७१ वर तीन कार्ब्युरेटर होते. सावकाश चालताना मधला एकटा काम करी आणि पाय दाबला की दोन्ही बाजूंचे उघडत. झडपा उचलणारे दांडे ताठ, घन प्रकारचे असल्याने त्यांतील फट वेळोवेळी मोजून बसवावी लागे. ३९० मध्ये तेच काम तेलाच्या दाबाने आपोआप होई. हौशी माणसाला ती खटखट संगीतासारखी वाटते. ज्याला सकाळी कामावर वेळेत पोहोचावयाचे आहे, त्याला तसे वाटेलच असे नाही. हे आकडे इंजिन बाकावर ठेवून, त्याच्या गळ्यातील बहुतेक लोढणी काढून मोजलेले होते, हेही विसरता कामा नये. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्यक्ष गाडीतल्यासारख्या मांडणीत मोजण्याची रीत आली आणि सर्वच कंपन्यांचे आकडे एकाएकी खाली उतरले.

आता वजनाकडे वळले पाहिजे, कारण इंजिनाची निवड इथेच कमानींशी येऊन भिडते. थोरले इंजिन ओतीव लोखंडाचे आणि धाकट्याहून सव्वाशे ते दीडशे पौंड जड होते. हा सारा बोजा पुढच्या चाकांवर पडे. धाकट्या इंजिनाच्या स्टिंग रेचे निम्म्याहून थोडे अधिक वजन मागच्या चाकांवर असे. हलक्या नाकाची गाडी वळणात झटकन शिरते आणि मागच्या चाकांना जमीन धरावयास वजनही मिळते. थोरले इंजिन बसविले की हा तोल पुढे झुकतो. म्हणून कारखान्याला त्या गाडीस पुढे अधिक ताठ स्प्रिंगा आणि मागे अंग कलू न देणारी एक आडवी दांडी द्यावी लागली. गिऱ्हाइकाला वाटे की आपण केवळ इंजिन बदलले. वस्तुतः त्याच्या हाती निराळ्या स्वभावाची गाडी आलेली असे. ४३५ च्या इंजिनावर आणखी सुमारे ३६९ डॉलर भरून अ‍ॅल्युमिनियमची हेडे घेता येत आणि नाकावरचे सुमारे ७५ पौंड कमी होत. अश्वशक्ती तीच राही. म्हणूनच की काय, वर्षभरात केवळ १६ गिऱ्हाइकांनी ती मागितली. आकडा न वाढविणाऱ्या वस्तूस गिऱ्हाईक मिळत नाही, मग ती कितीही शहाणपणाची असो.

कॉर्व्हेटच्या मागच्या बाजूची रचना मोठी गमतीची आहे. १९६२ पर्यंत दोन्ही मागची चाके एकाच जड, अखंड आसावर होती. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही कलावे लागे. १९६३ पासून प्रत्येक चाक स्वतंत्र झाले, आणि चाकांना फिरविणाऱ्या दांड्यांनाच चाके तोलण्याच्या कामालाही जुंपले गेले. कमान मात्र टांग्याच्या कुळातलीच राहिली : पोलादी पाट्यांची चळत. फरक इतकाच की ती गाडीच्या लांबीत न बसविता एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत आडवी बसविली. नेहमीच्या गाडीत या चळतीत नऊ पाटे असत.

यादीत एफ-४१ या नावाखाली शर्यतीच्या धर्तीचे सस्पेन्शन मिळे. पुढच्या स्प्रिंगा ताठ, धक्के गिळणारे शॉक अब्सॉर्बर कडक आणि मागे नऊ पातळ पाट्यांऐवजी सात जाड पाटे. किंमत किती? ३६ डॉलर ९० सेंट. सव्वाचार हजार डॉलरच्या गाडीवर एवढीशी रक्कम म्हणजे कोणालाही मोह पडावा. तरीही त्या वर्षी २,१९८ गाड्यांतच ते बसले, म्हणजे दहांत एकाहूनही कमी. विक्रेत्यांनी आणि गिऱ्हाइकांनी या एका बाबतीत बराच विवेक दाखविला असे म्हणावयास हरकत नाही.

कारण ताठ कमान म्हणजे चांगली कमान, हा समज खरा नाही. मोटार रस्त्याला धरून राहते ती टायरांच्या तळव्याएवढ्या चार ठिकाणी. वळताना वा ब्रेक लावताना ती जी पकड घेते, ती चाक जमिनीवर सतत दाबलेले राहिले तरच. शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असतो. तिथे ताठ कमान गाडीचे अंग कलू देत नाही आणि चालकाच्या हाताची आज्ञा चाकांना तत्काळ पोहोचविते. तीच गाडी उखडलेल्या रस्त्यावर आणली की कमान दबत नाही, म्हणून चाकच उडते. हवेत असलेले चाक ना वळविते, ना थांबविते. ओल्या, खडबडीत उतारावर मऊ कमानीची गाडी अधिक वेगाने, आणि मुख्य म्हणजे अधिक निर्धास्तपणे, जाऊ शकते. कंबर दुखणे ही ताठ कमानीची धाकटी तक्रार होय; थोरली तक्रार जिवाशी येते.

शॉक अब्सॉर्बरचे कामही पुष्कळदा उलटे समजले जाते. धक्का सोसते ती कमान. दबलेली कमान सुटून पुनःपुन्हा नाचू लागते, तो नाच थांबविणे हे शॉक अब्सॉर्बरचे काम. म्हणून कमान ताठ केली की तोही त्या मानाने बदलावा लागतो. एकट्याला हात लावून भागत नाही.

आता ते ४३० चे कोडे. जनरल मोटर्सने १९६३ च्या आरंभी आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला होता. आर्कस-डंटॉव्ह यांना शर्यतीची गाडी उघडपणे बांधता येत नव्हती. परंतु गिऱ्हाइकांसाठीच्या यादीत एखादे इंजिन घालण्यास हरकत नव्हती. एल-८८ हे असे मागच्या दाराने आलेले शर्यतीचे इंजिन. त्याचा दाब साडेबारास एक इतका चढा होता आणि त्यास किमान १०३ ऑक्टेनचे पेट्रोल लागे. तशी सूचनाच गाडीत चिकटवलेली असे. ४३० हा आकडा इंजिन अजून वर चढत असतानाच्या फेऱ्यांवरचा होता. त्याची खरी शक्ती ५०० च्या पुष्कळ वर होती. धावपट्टीवर मुलांना मिरवावयास सर्वांत मोठा आकडा हवा असे, आणि तो एल-७१ चा होता. तेव्हा ती मंडळी आपोआप तिकडे वळत. ज्यास खरी गोष्ट ठाऊक होती तोच ४३० मागे. आणि त्यास एफ-४१ च्या कमानी, शर्यतीचे ब्रेक, भक्कम गिअरपेटी हे सारे सक्तीने घ्यावे लागे. इंजिन आणि कमानी यांची जोडी कारखान्यानेच बांधून टाकली होती, निवड ठेवलीच नव्हती.

१९६७ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बॉब बाँड्युरंट आणि डिक गुल्डस्ट्रँड यांनी अशी एक गाडी धावविली. जीटी वर्गात ती आघाडीवर होती; पण रात्री इंजिन निकामी झाले आणि गाडी बाद झाली. पुढे तेच इंजिन १९६८ मध्ये ८० आणि १९६९ मध्ये ११६ गाड्यांत बसले, आणि मग बंद झाले. २०१४ साली अमेरिकेतील स्कॉट्सडेलच्या लिलावात १९६७ ची एक एल-८८ कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली. जिला हीटर नाही म्हणून लोक नाके मुरडीत, ती गाडी.

मग त्या यादीतून शहाण्या माणसाने काय निवडले असते? वळणावळणांच्या घाटरस्त्यांसाठी ३५० अश्वशक्तीचे धाकटे इंजिन आणि नऊ पाट्यांची साधी कमान, यापरते नेटके दुसरे काही नव्हते. तिची किंमतही मूळ गाडीवर १०५ डॉलरच अधिक. लांबलचक मोकळ्या रस्त्यांवर दमदारपणे जावयाचे असेल तर ३९०. एफ-४१ ज्याला खरोखर शर्यतीच्या मार्गावर जावयाचे आहे त्यालाच. गिऱ्हाइकांनीही फारशी निराळी निवड केली नाही : ३५० अश्वशक्तीची ६,३७५ इंजिने खपली, ४३५ ची ३,७५४.

कडक की मऊ, हा पेच कंपनीला पुढेही सुटेना. १९८४ च्या गाडीचे शर्यती सस्पेन्शन इतके कठोर निघाले की पुढच्याच वर्षी ते सैल करावे लागले. १९८९ मध्ये चालकाला बसल्या जागी शॉक अब्सॉर्बर कमीअधिक कडक करता येऊ लागले, आणि २००३ मध्ये लोहकण मिसळलेल्या तेलाचे शॉक अब्सॉर्बर आले. वीज सोडली की ते तेल क्षणार्धात घट्ट होते. पोलादी पाट्यांची जागा १९८१ पासून काचतंतूंच्या एकाच पाट्याने घेण्यास सुरुवात केली होती. आडवी कमान मात्र २०१९ पर्यंतच्या गाड्यांत टिकली.

जुनी स्टिंग रे आज विकत घेणारा हौशी माणूस बॉनेट उघडून इंजिनावरचे क्रमांक वाचतो. त्याने गुडघे टेकून गाडीच्या मागून खालीही पाहावे आणि पाटे मोजावेत. सात भरले तर गाडी एफ-४१ ची असण्याचा संभव आहे. पण पाटे बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम असते. तेव्हा पुढच्या स्प्रिंगाही त्याच जातीच्या आहेत ना, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. मागे सात ताठ पाटे आणि पुढे मऊ स्प्रिंगा अशी गाडी ओल्या वळणावर आधी मागूनच सुटते.