घरच्या कार्यशाळेतील वीजजोडणी

गॅरेजमधील कार्यशाळेत दिव्यांचे आणि यंत्रांचे सर्किट वेगळे असावे, कारण करवत लाकडात अडकून एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर जाताच वीज तोडणारी कळ, पडली तरी फिरत्या पात्यावर उजेड राहणे आवश्यक असते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा ग्राइंडर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो; म्हणून त्याला ६ नव्हे, तर १६ अँपिअरचे सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. मोटार सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह खेचते. तो सोसणारी ‘सी’ प्रकारची एमसीबी येथे योग्य ठरते. एमसीबी शॉकपासून मात्र वाचवत नाही. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातील ३० मिलिअँपिअरचा फरक ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी आणि अखंड अर्थिंग हेच जिवाचे खरे रक्षक होत.