पितळेच्या शहरातही मीठ चिनी मातीतच! का?

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे शहर. गुंड, गंज, परात, तांब्या सगळे पितळेचे. पण त्याच स्वयंपाकघरात मीठ मात्र चिनी मातीच्या बरणीत, तेही लाकडी चमच्यासह. आता जुन्या पितळेची हौस परत आली आहे आणि जेवणाच्या टेबलावर झाकणाची छोटी पितळी मीठदाणी दिसू लागली आहे. दिसते सुरेखच. पावसाळा लागला की मात्र तिच्या तळाशी हिरवट कडे उमटते.

ते हिरवे काय असते?

पितळ हा तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू. मीठ कोरडे असेपर्यंत फारसे बिघडत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढू लागते. तळ्यांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचेच. त्या खारट ओलाव्यातले क्लोराइड धातू खाऊ लागते आणि तांब्याचे हिरवट क्षार तयार होतात. पितळेत ठेवलेले ताक कळकते म्हणतो, तोच हा प्रकार. हे क्षार पोटात गेले तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. त्यामुळे वरचे मीठ पांढरे दिसते म्हणून तेवढे काढून वापरू नका. सगळेच टाकून द्या.

कल्हई असेल तर?

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. स्वयंपाकाच्या भांड्यांना तो उपयोगी, पण मीठदाणीत चमचा रोज घासला जातो. एक ओरखडा पडला की खालचे पितळ उघडे. शिवाय कल्हई पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते आणि कल्हईवाल्याची हाक आता किती गल्ल्यांत ऐकू येते?

स्टीलही पूर्ण सुरक्षित नाही. ओल्या मिठात राहिलेल्या चमच्यावर बारीक खड्डे आणि तांबूस डाग पडतात, ते याच क्लोराइडमुळे.

युरोपातल्या श्रीमंतांनाही ही अडचण होती. त्यांच्या चांदीच्या मीठदाण्या मिठाने खराब होत. म्हणून आतून सोन्याचा मुलामा देत किंवा निळ्या काचेची वाटी बसवत. दुसरा उपाय आपल्याला परवडणारा आहे. पितळी मीठदाणीत बेताची काचेची वाटी बसवा, मीठ वाटीत ठेवा आणि चमचा लाकडाचा घ्या.

झाकण घट्ट हवे, ते फक्त मीठ मोकळे राहावे म्हणून नव्हे. विक्रीच्या टप्प्यावर आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे लागते. ओलावा आणि उष्णतेने ते कमी होते. म्हणून बरणी शेगडीशेजारी नको.

आणि हिरवी पडलेली मीठदाणी? चिंचेने घासून लख्ख करा, कोरडी करा आणि तिच्यात सुपारी ठेवा.