गंजलेली डिस्क: कधी घासून जाते, कधी बदलावीच लागते?

पावसाळा सरला की बीड जिल्ह्यातल्या गावोगावी अंगणात उभ्या असलेल्या चारचाकी गाड्यांवरचं कापड निघतं. मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत, गाडी गावाकडे आई-वडिलांच्या सोयीसाठी ठेवलेली. एखादी दवाखान्याची फेरी सोडली तर ती जूनपासून जागची हललेली नसते. दसऱ्याला सावरगावला किंवा दिवाळीत परळी-अंबाजोगाईला जायचं ठरतं, बॅटरी चार्ज होते, टायरमध्ये हवा भरली जाते आणि मग कोणाचं तरी लक्ष चाकाच्या फटीतून आत जातं. डिस्क लालभडक झालेली असते. एक जण म्हणतो, ‘‘दोन-चार ब्रेक मारले की जातंय ते.’’ दुसरा म्हणतो, ‘‘डिस्क गेली, बदलावी लागणार.’’ दोघांपैकी कोणाचंही खरं निघू शकतं. गंज वरवरचा आहे की धातूत उतरलाय, यावर सगळं ठरतं, आणि ते चाक खोलल्याशिवाय कळत नाही.

मोटरसायकलची डिस्क पावसात भिजली तरी चकचकीत राहते, मग कारचीच का गंजते, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मोटरसायकलची डिस्क बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. कारची डिस्क ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची. बिडात ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. त्यामुळे ते उष्णता पटकन ओढून घेतं आणि पसरवतं. टनभराहून जास्त वजनाची गाडी थांबवताना निघणारी उष्णता पेलायला हा गुण लागतो, आणि त्यात स्टेनलेस स्टील बरंच मागे पडतं. पॅड जिथे घासतो तिथे रंग किंवा तेल लावता येत नाही. तेव्हा पाणी लागलं की ते उघडं लोखंड काही तासांत तांबूस होणारच. गाडी संध्याकाळी धुऊन उभी केली तर सकाळी डिस्कवर जी केशरी झाक दिसते, ती हीच. ती निरुपद्रवी असते. गावातल्या गावात हळू चालवत सात-आठ वेळा ब्रेक दाबला की पॅड ती घासून काढतो. पहिल्या दोन-तीन वेळा खरखर आवाज येईल, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत हवामानाची साथ आहे. बीडचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत, आणि समुद्राचं खारं वारं इथून शेकडो किलोमीटर दूर. कोकणात वा मुंबईत वापरलेल्या गाडीची डिस्क जितकी खोल गंजते, तितकी इथे रोज चालणाऱ्या गाडीची सहसा गंजत नाही. म्हणून मुंबई-ठाण्याकडची जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आणली असेल, तर तिची डिस्क आधी तपासावी. पण कोरड्या हवेवर फार विसंबूनही चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. शिवाय आपली काळी माती आहेच. तिचा चिखल चाकाच्या आत, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या खाचेत जाऊन बसतो आणि ओल आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो. वरून गाडी वाळलेली दिसते आणि आत गंज चालूच राहतो. चिखलातले वाळूचे खडे पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकले की डिस्कवर गोल चरे पाडतात. शेतातून आलेली गाडी धुताना पाण्याचा फवारा चाकाच्या आतल्या बाजूनेही मारायला हवा, आणि धुतल्यावर एक चक्कर मारून ब्रेक वाळवायला हवेत. मात्र घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नये. लोखंड एकाएकी आकसतं, डिस्क वाकडी होण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो.

खोल गंजाची खूण वेगळी असते. गाडी चार महिने एकाच जागी उभी राहिली की पॅड जिथे टेकलेला असतो तिथे त्याच्या आकाराचा डाग उमटतो. त्या जागेची घर्षणाची ताकद बाकीच्या डिस्कपेक्षा वेगळी होते आणि ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल धडधडतं. बेताने, मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर चालवून ही धडधड गेली तर विषय संपला. राहिली, तर चाक खोला. खोलल्यावर डिस्कवरून नख फिरवा. नख अडकेल असे खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटत असतील, किंवा पॅड जिथे घासायला हवा त्या पट्ट्यातच गंजाचं कडं उरलं असेल, तर तेवढ्या जागेवर पॅड टेकतच नाही. ब्रेक लागतो, पण कमी लागतो, आणि हे रोजच्या संथ चालवण्यात कळत नाही. कळतं ते एकदम समोर काही आल्यावर. तडा डिस्कच्या कडेपर्यंत गेलेला असेल तर पुढची चर्चाच नको, गाडी जागेवरून हलवू नये.

बऱ्याचदा लोक घाबरतात ते भलत्याच गंजाला. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर आणि अगदी बाहेरच्या कडेवर पॅड कधीच पोचत नाही. तिथला गंज दिसायला वाईट, पण कामात आड येत नाही. याच्या उलट, सगळ्यात जास्त पाहायला हवी ती आतली बाजू कोणी पाहत नाही. चाकाच्या फटीतून दिसते ती डिस्कची बाहेरची बाजू. इंजिनाकडची बाजू चाक काढून, मान वाकवून, टॉर्च मारून बघावी लागते. बाहेरून आरशासारखी दिसणारी डिस्क आतून खड्डे पडलेली निघते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून जाम झालेल्या असतात. मग एकाच बाजूचा पॅड झिजत राहतो आणि दुसरा जवळजवळ नवा दिसतो. अशा वेळी नुसते पॅड बदलले तर सहा महिन्यांत तीच तक्रार पुन्हा. पिना साफ करून, त्यांना ब्रेकचंच खास ग्रीस लावून, त्या बोटाने सरकतात की नाही ते पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मिस्त्रीने म्हणू नये, आणि आपण मान्यही करू नये.

गंजाइतकीच महत्त्वाची आहे जाडी. बहुतेक डिस्कवर, टोपीच्या भागावर किंवा कडेला, किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज तारेच्या ब्रशने घासला की तो वाचता येतो. हवा खेळती राहावी म्हणून मध्ये पोकळी ठेवलेली बावीस मिलिमीटरची नवी डिस्क असेल, तर तिची किमान मर्यादा साधारण वीसच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जेमतेम दोन मिलिमीटर. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, म्हणून कोरलेलाच पाहावा. मोजताना एक फसवणूक होते. झिजलेल्या डिस्कला बाहेरच्या कडेला उंच ओठ तयार होतो. साधा व्हर्निअर त्या ओठावर टेकला तर डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटरने, ओठाच्या आतल्या बाजूला, चार ठिकाणी मोजलं पाहिजे. चारही आकडे सारखे नसतील तर धडधडीचं कारण तिथेच सापडतं.

गॅरेजमध्ये मग पर्याय पुढे येतो, ‘‘लेथवर घासून घेऊ.’’ वरवरचे चरे आणि उथळ खड्डे लेथवर जातात, आणि घासल्यानंतरही जाडी किमान आकड्याच्या पुरेशी वर राहणार असेल तर हा पर्याय योग्य आहे. नाहीतर पैसे वाचवल्याचा नुसता भास. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, लवकर वाकते. माझं मत विचाराल, तर किमान आकड्यापासून अर्धा मिलिमीटरही न उरलेली डिस्क घासायला देण्यापेक्षा नवी घालणं शहाणपणाचं.

पॅडचा हिशेब त्या मानाने सोपा. नव्या पॅडचा घासणारा थर दहा-बारा मिलिमीटरचा असतो. तो तीनवर आला की बदलायचा. बऱ्याच पॅडला पत्र्याची छोटी पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो आवाज रेडिओ मोठा करून दाबणारे लोक मी पाहिले आहेत. थर शाबूत असूनही मागच्या लोखंडी पाठीवर गंज चढून थर सुटायला लागला असेल, पॅडला तेल लागलं असेल किंवा तो काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तरीही तो गेलाच समजा. डिस्क चांगली असेल तर पॅड एकटे बदलता येतात. डिस्क नवी घातली तर पॅड नवेच हवेत. आणि जे काही बदलायचं ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकदमच, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

हे सगळं इतकं ताणून सांगण्याचं कारण आपले रस्ते. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. तोवर बीडकराचा प्रवास म्हणजे रस्ताच होता, आणि अजूनही मुख्यतः आहे. मांजरसुंब्याहून पालीकडे उतरणारा धुळे-सोलापूर महामार्ग, धारूरहून तेलगावकडे उतरणारा अरुंद घाट, हे बालाघाटाचे उतार ब्रेकची खरी परीक्षा घेतात. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी दोनशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण दहा लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी असते. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली तर जवळजवळ सगळा भार त्या दोन-चार डिस्क-ड्रमवर येतो. पेट्रोल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, आजच्या इंजिनात गियर न सोडता पाय उचलला की इंधन जवळपास बंदच होतं; वाचत काहीच नाही, ब्रेक मात्र तापतात.

तापण्याबरोबर ब्रेक ऑइलचा मुद्दा येतो. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं. ओल शोषलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. डिस्क-पॅडचं काम काढलं असेल आणि ऑइलला दोन वर्षं झाली असतील, तर तेही त्याच वेळी बदलून घ्यावं.

ऊसतोडीच्या हंगामात तर गाडी थांबवायला मिळणारं अंतर आणखी कमी होतं. दिवाळीनंतर तेलगाव, पांगरी, गढी, माजलगाव या कारखान्यांच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, अनेकींना मागे लाल दिवा नसतो. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी दर सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसल्यापासून पाय पेडलवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं, उरलेलं काम डिस्क आणि पॅड यांचं. अर्ध्या पट्ट्यावर गंज असलेली डिस्क ते काम कमी ताकदीने करते.

आणि ती तपासणारं दुसरं कोणी नाही. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना ठरावीक काळाने फिटनेससाठी जावं लागतं. खासगी कारचं नोंदणीपत्र पंधरा वर्षांचं असतं, आणि तेवढ्या काळात सरकारी यंत्रणा तिचा ब्रेक एकदाही पाहत नाही. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. एमएच २३ असो की अंबाजोगाईची एमएच ४४, खासगी गाडीच्या ब्रेकची जबाबदारी पूर्णपणे मालकाची आहे.

नवी डिस्क घालताना दोन गोष्टी राहून जातात. ज्या हबवर डिस्क बसते त्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला नाही, तर नवी कोरी डिस्कही किंचित तिरकी बसते आणि महिन्याभरात धडधडायला लागते. ‘डिस्क खराब निघाली’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. दुसरं, नव्या डिस्कवर गंज न लागावा म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला पाहिजे. चाकाची जुनी धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने फुंकू नये. काही पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसावी. मग पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळून, साठवरून वीसवर असा मध्येमध्ये बेताने वेग कमी करत पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यावेत. नवे ब्रेक घालून त्याच दिवशी धारूर घाट उतरू नये.

मागच्या चाकांना बहुतेक लहान गाड्यांत ड्रम असतो आणि तो दिसत नाही म्हणून विसरला जातो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी चार महिन्यांनी हलवायला जावं तर लायनर ड्रमला चिकटलेला असतो. लांब उभी करायची असेल तर हँडब्रेक सोडा, गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाच्या पुढे-मागे दगड लावा. आठवड्यातून एकदा कोणीतरी गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत नेऊन आणली, तर डिस्कचा अर्ध्याहून जास्त प्रश्न निर्माणच होणार नाही.

लहान गाडीच्या पुढच्या पॅडचा पूर्ण संच सहसा एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतो. वस्तू घेताना पक्कं बिल घ्या, कारण नकली पॅडची वेष्टनं अस्सलसारखीच दिसतात. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चारही चाकं खोलून घ्या, आतली बाजू स्वतः पाहा, मिस्त्रीकडून डिस्क आणि पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मागा आणि ते आकडे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.