हातात कसब आहे, कागद कुठे आहे?

नायगाव, वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत इमारतींचे जे जंगल उभे राहिले, त्यातल्या भिंती फोडून पाईप कोणी टाकले? वायर कोणी ओढली? अर्थिंगचा खड्डा कोणी खणला? मराठवाडा, विदर्भ, कोकणातून पोट भरायला आलेल्या आपल्याच पोरांनी, आणि उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या त्यांच्यासारख्याच पोरांनी! हेल्पर म्हणून लागले, पाच-सात वर्षांत मिस्त्री झाले. दिवा कसा मिचमिचतो एवढे पाहून न्यूट्रल कुठे सैल झाला असेल, हे असा वायरमन सांगतो. पण सरकारदरबारी तो कोणीच नाही, कारण त्याच्याकडे कागद नाही.

कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या नियमांपर्यंत एकच सूत्र आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच घ्यायचे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे आणि करणाऱ्याकडेही परवाना हवा. महावितरणकडे नव्या मीटरचा अर्ज करा, टेस्ट रिपोर्ट मागतात. त्यावर परवानाधारकाची सही आणि शिक्का लागतो. आता व्यवहारात काय होते ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाम एकाचा, सही दुसऱ्याची आणि सहीचे पैसेही त्या दुसऱ्याचेच! आपल्या जयंतीच्या मंडपाला तात्पुरते कनेक्शन घ्यायचे तरी हाच प्रकार. रोषणाई आपली पोरे फुकट करतात आणि शिक्क्यासाठी मंडळ वर्गणीतून पैसे मोजते.

नियम चुकीचा आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि १३ हून अधिक रुग्ण दगावले. विजेच्या कामात जबाबदार माणूस हवाच. प्रश्न एवढाच की, ज्याला काम येते त्याला जबाबदार ठरण्याची संधी कोण देणार?

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते जास्त पगाराचे. तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने इतरांना विटाळ होतो म्हणे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता आणि तांत्रिक प्रशिक्षणाची योजनाही. १९४२ सालीच अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन देताना त्यांनी उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी केली होती. आपण मात्र पदवीच्या मागे लागलो आणि हातातल्या हुन्नराचा कागद मिळवायचे राहून गेले.

मार्ग आहेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर, तर तारतंत्री म्हणजे वायरमनचा आठवीनंतर करता येतो. पण चाळिशीतल्या बायका-पोरे असलेल्या माणसाने दोन वर्षे रोजी बुडवून वर्गात बसायचे कसे? त्याच्यासाठी खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय आहे. तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, पास झाल्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. याशिवाय राज्य सरकारचा तारतंत्री परवाना आहे, ज्याला धंद्यातली माणसे अजूनही ‘पीडब्ल्यूडीचे लायसन’ म्हणतात.

एक सावधगिरी. २०१५ नंतर ‘पूर्वानुभवाला मान्यता’ या नावाने काही दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या योजना आल्या. कंपनीत नोकरी मागताना त्याचा थोडा उपयोग होतो. पण तो परवाना नव्हे! त्या कागदावर टेस्ट रिपोर्टवर सही करता येत नाही. फोटोसाठी पोरांना रांगेत उभे करणाऱ्यांनी हे सांगायला हवे होते.

खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची आहे. पंधरा वर्षे ज्याने राबवून घेतले, तो ठेकेदार दोन ओळी लिहून द्यायला तयार नसतो. कारण दाखला दिला की भविष्य निर्वाह निधी, विमा यांचा हिशेब निघतो. म्हणून मागणी अशी हवी की, नाक्यावरच्या कामगाराचा अनुभव ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता शपथपत्र आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांवर ग्राह्य धरावा. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रात्यक्षिकात आपली पोरे मागे नाहीत, ती अडतात लेखी पेपरात. ओहमचा नियम, वायरिंगची आकृती, अर्थिंगचा रोध काढणे, थोडे गणित, एवढ्याची भीती. वसई-विरारमधल्या बुद्धविहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात, त्याच जागी रात्री साडेआठनंतर वायरमनचा वर्ग का नको? शिकवायला आपलेच डिप्लोमा झालेले, वीज कंपन्यांतून निवृत्त झालेले बांधव आहेत. फळा आहे, खोली आहे. एक मेगर तेवढा विकत आणावा लागेल.