37 टक्के कशाचे?

1,29,037 आणि 59,940. पश्चिम घाटाचा किती चौरस किलोमीटर भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, या प्रश्नाला दोन सरकारी समित्यांनी दिलेली ही उत्तरं. पहिलं माधव गाडगीळ समितीचं, 2011 सालचं; दुसरं के. कस्तुरीरंगन समितीचं, 2013 सालचं. दोन्हीकडे नावाजलेले शास्त्रज्ञ. मग भुदरगडच्या शेतकऱ्यानं विश्वास ठेवायचा कोणावर? ‘शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आपण कशाला डोकं शिणवा?’ हा सूर खाणवाल्यांच्या मात्र चांगला पथ्यावर पडतो.

आकडे उलगडून पाहू. गाडगिळांनी अख्खा घाट संवेदनशील ठरवून त्याचे तीन विभाग पाडले. निर्बंध तिन्हींत सारखे नव्हते. कस्तुरीरंगन समितीनं सुमारे 37 टक्केच भाग धरला, पण तो 1,64,280 चौ. किमीचा. छेदच वेगळा! तिच्याच 59,940 ला गाडगिळांच्या क्षेत्रानं भागलं तर 46 टक्के येतात. तेव्हा ‘100 विरुद्ध 37’ ही गाजलेली तुलना मुळातच लंगडी.

मोजपट्टीही वेगळी. गाडगीळ समितीची चौकट साधारण 9 किमी बाय 9 किमीची, म्हणजे वीस हजार एकरांची. देवराई, भातखाचरं, वाड्या, एसटी स्टँड, सगळं एकाच रंगात. कस्तुरीरंगन समितीच्या उपग्रहचित्रातला एक ठिपका सुमारे 24 मीटरचा, जेमतेम पावणेसहा गुंठ्यांचा. इथवर दुसरी समिती सरस वाटते. पण पुढे तिनं नियम लावला: गावाचा 20 टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील असेल, तर सगळं गाव यादीत. अशी 4,156 गावं निघाली. 19 टक्केवालं गाव सुटलं, 21 टक्केवालं पुरतं अडकलं. गुंठ्यांतली बारकाई गेली कुठं? 20 हा आकडा कुठल्याही उपग्रहानं टिपलेला नाही, तो माणसांनी बसून ठरवलाय. जंगल कुठं आहे, हे तज्ज्ञांना विचारावं. रेघ कुठं मारायची, यात गावाचं मत तेवढंच वजनदार. सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं गाडगीळ म्हणत होते ते याचसाठी.

आता जिथं दोघांचं जमतं ते बघा. सर्वांत नाजूक भागात नवी खाण नको, औष्णिक वीजप्रकल्प नको, सर्वाधिक प्रदूषण करणारे, लाल श्रेणीतले नवे उद्योग नकोत. पद्धती इतक्या निराळ्या असूनही उत्तर तेच येत असेल, तर सामान्य माणसानं त्यावर बिनदिक्कत विसंबावं. शेती बंद करा, असं दोघांपैकी कुणीही म्हटलेलं नाही.

आणखी एक वजाबाकी. संवेदनशील क्षेत्र जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेच्या 31 जुलै 2024 च्या सहाव्या मसुद्यात क्षेत्र 56,825.7 चौ. किमी आहे. 59,940 मधून कमी झालेले सुमारे 3,114 चौ. किमी जवळजवळ सगळे केरळचे: 13,108 वरून 9,993.7. ही घट राज्य सरकारच्या आग्रहातून आली, शास्त्रज्ञांच्या मतभेदातून नव्हे. मसुदा निघाला त्याच्या आदल्याच दिवशी केरळमधल्याच वायनाडमध्ये दरड कोसळली होती.

महाराष्ट्राचे 17,340 चौ. किमी या मसुद्यात आहेत. नवा मसुदा निघाला की हरकतींसाठी 60 दिवस मिळतात. आपलं गाव यादीत असेल तर टक्केवारी मागून घ्या; ती 20 च्या आसपास असेल तर हरकत जरूर नोंदवा, पण खाणबंदीवर नको.