काडतूस कोरडे, मोजके आणि ठरल्या जागी
(शेतीसंरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)



दक्षिण कोकणातल्या एका श्रोत्याने आपल्या कार्यक्रमाला पत्र पाठवले आहे. ते लिहितात, "भात दुधात आले की रानडुकरे येतात. एका रात्रीत कुणगा लोळवून जातात. माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. पण भाद्रपदात काडतुसे सर्दावतात, फुगतात, नळीत बसत नाहीत. आणि ऐन वेळी अंधारात हाताला सापडत नाहीत. उपाय सांगा."

प्रश्न एकट्याचा नाही. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पीठ, पापड, काडेपेटीसुद्धा सर्दावते, तिथे काडतुसाची काय कथा! म्हणून या पत्रकात तीन गोष्टी पाहू: दारूगोळा कोरडा कसा ठेवावा, शेतावर तो हाताशी कसा असावा, आणि ओल्या काडतुसामुळे जिवावर बेतू नये म्हणून काय करावे.

आधी कायद्याचे दोन शब्द

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. काहींकडे काडतुसाची बंदूकही असते. पण परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांपुरती, त्या कायद्याच्या कलम ११ खाली, अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा आधी वनखात्याच्या कचेरीत जा, अर्ज द्या, परवानगी हातात घ्या. तोंडी "हो" म्हटले म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नका.

काडतुसेही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच, आणि परवानाधारक दुकानातूनच घ्यावीत.

ओल नेमके काय बिघडवते?

काडतुसाचे चार भाग ध्यानात घ्या: बुडाची पितळी टोपी, तिच्या मधोमध बसवलेली छोटी केप, आत दारू, आणि पुढे बूच व छर्रे. घोडा केपवर आपटतो, केप ठिणगी देते, ठिणगीने दारू पेटते.

पुठ्ठ्याचे काडतूस ओल शोषून फुगते. मग ते नळीत शिरत नाही, किंवा शिरले तर बार झाल्यावर निघत नाही. प्लास्टिकचे काडतूस फुगत नाही, पण त्याच्याही केपेत आणि तोंडाच्या घडीतून ओल जाऊ शकते. पितळ कळंकते, हिरवे पडते.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू तर ओलीला फारच हळवी. तिच्यात सोरा आणि कोळसा असतो. हवेतली ओल लागली की तिचे खडे होतात. एकदा गोळा झालेली दारू वाळवली तरी पहिल्यासारखी होत नाही, कारण सोरा विरघळून वेगळा साचलेला असतो. तिच्यावर भरवसा ठेवू नये.

घरातली साठवण

बियाणे कसे राखावे हे तुम्हाला सांगायला नको. कोरडे बी, घट्ट झाकण, जमिनीपासून उंच जागा. काडतुसांनाही तेच लागू आहे. फक्त कुलूप जास्तीचे.

१) काडतुसे मूळ खोक्यातच ठेवा. खोक्यावर खरेदीचा महिना आणि साल लिहा. जुनी आधी वापरा, नवी मागे ठेवा.

२) ते खोके घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. झाकणाला रबराची कडी असेल तर उत्तम. डबा कोरड्या दिवशी भरा. पाऊस कोसळत असताना भरलात तर ओलसर हवाच आत कोंडाल.

३) डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. काही पुड्यांतले दाणे कोरडे असताना निळे असतात आणि ओल भरली की गुलाबी होतात. तशा झाल्या की बदला.

४) मीठ किंवा कळीचा चुना मात्र डब्यात ठेवू नका. मिठाने पितळ खराब होते. कळीच्या चुन्याला पाणी लागले तर तो तापतो, आणि दारूजवळ उष्णता म्हणजे संकट.

५) चुलीवरच्या फळीवर, माळवदाच्या तापत्या पत्र्याखाली, देवघरातल्या समईजवळ डबा नको. सर्दावलेली काडतुसे चुलीजवळ किंवा उन्हात वाळत घालणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे.

६) काडतुसांना तेल, रॉकेल लावू नका. गंज चढू नये म्हणून बंदुकीला तेल लागते, काडतुसाला नाही. पातळ तेल केपेत झिरपले की केप मरते.

७) बंदूक एका जागी, काडतुसे दुसऱ्या जागी, दोन्हींना कुलूप, आणि किल्ली परवानाधारकाकडे. लहान मुलाला काडतूस म्हणजे रंगीत खेळणे वाटते.

शेतावर नेताना

सगळा डबा शेतावर नेऊ नका. एका रात्रीला चार-पाच काडतुसे पुरे. जास्त नेली तर जास्त भिजतात, सांडतात, आणि हिशेब चुकतो.

नेण्यासाठी लहान, तोंड रुंद असलेला, फिरकीच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. आत सुती फडके ठेवा, म्हणजे काडतुसे खुळखुळत नाहीत. पाऊस मोठा असेल तर डबा मेणकापडात गुंडाळून इरल्याच्या किंवा रेनकोटाच्या आत, अंगालगत ठेवा. घोंगडीच्या खोळीत खोचू नका. घोंगडी भिजली की तासन्‌तास ओली राहते.

कातडी पट्टा ऐटदार दिसतो. जाताना वापरायला हरकत नाही. पण घरी आल्यावर काडतुसे पट्ट्यातच राहू देऊ नका. कातडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे आणि धरलेल्या ओलीमुळे पितळ हिरवे पडते.

नळीत पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून काही जण तोंडात चिंधीचा बोळा कोंबतात. हे कधीही करू नका. घाईत बोळा काढायचा राहिला तर नळी फुटते आणि हात जातो.

बांध ओलांडताना, ओढा उतरताना, माळ्यावर चढताना बंदूक रिकामीच हवी. वर नीट बसल्यावर, नळी मोकळ्या दिशेला करूनच भरा.

माळ्यावर हाताशी

हाताशी ठेवणे म्हणजे उघड्यावर पसरणे नव्हे. अंधारात हात जिथे आपसूक जातो, ती एकच जागा ठरवा. उजव्या हाताने भरत असाल तर उजव्या अंगाचा, बटण किंवा झाकण असलेला खिसा. त्या खिशात तंबाखूची चंची नको, किल्ल्या नकोत, नाणी नकोत, बॅटरीचे सेल नकोत. अंधारात सेल आणि काडतूस हाताला सारखेच लागते.

दिवसा, रिकाम्या बंदुकीने आणि काडतूस न घेता, डोळे मिटून हात खिशाकडे नेण्याचा सराव करा. ही सवय ऐन वेळी कामी येते.

दोन बोअरची काडतुसे एकत्र कधीही ठेवू नका. घरात किंवा शेजाऱ्याकडे २० बोअरची बंदूक असेल तर विशेष जपा. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घरंगळून पुढे जाते आणि तिथेच अडकते. बाहेरून नळी रिकामी दिसते. मागून १२ बोअरचे काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरच्या काडतुसांचा रंग पिवळा ठेवण्याची रीत आहे. पण रात्री रंग दिसत नाही. तेव्हा ती शेतावर येताच कामा नयेत.

बार उडाला नाही तर?

आता सर्वांत महत्त्वाचे. पीक गेले तर पुढच्या साली येईल, डोळा आणि हात परत येत नाहीत.

घोडा पडला, 'टक्' झाले, पण बार झाला नाही. अशा वेळी आपण काय करतो? बंदूक खाली घेतो, उघडून बघतो. इथेच घात होतो. ओली दारू कधी कधी धुमसते आणि उशिरा पेटते. म्हणून नळी मोकळ्या दिशेलाच धरून ठेवा. मनात सावकाश साठ अंक मोजा. ठासणीची बंदूक असेल तर निदान दोन मिनिटे थांबा. मगच पुढचे. काडतूस काढताना तोंड बुडाच्या रेषेत आणू नका.

दुसरा धोका फुसक्या बाराचा. आवाज बारीक आला, धक्का नेहमीसारखा बसला नाही, म्हणजे दारू पुरती पेटली नाही असे समजा. अशा वेळी बूच किंवा छर्रे नळीतच अडकलेले असू शकतात. त्यावर दुसरे काडतूस झाडले तर नळी फाटते. म्हणून फुसका बार झाला की थांबा, बंदूक रिकामी करा, बॅटरीच्या उजेडात बुडाकडून नळीतून आरपार पाहा. पलीकडचा उजेड गोल आणि स्वच्छ दिसला तरच पुन्हा भरा. डुक्कर गेले तर जाऊ द्या.

ठासणीची बंदूक असेल तर

केप आणि दारू दोन वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, वेगवेगळ्या खिशांत न्या. दारूचे भांडे उघडे असताना बिडी, कंदील, शेकोटी जवळ नको. बार झाल्या झाल्या दारूच्या भांड्यातून सरळ नळीत दारू ओतू नका. आत निखारा राहिला असेल तर भांडेच हातात उडेल. एका बारापुरते माप वेगळे घ्यावे.

पावसाळ्यात भरलेली ठासणी दोन-दोन दिवस खुंटीला टांगून ठेवण्याची खोड काही घरांत आहे. केपेच्या भोकातून ओल आत जाते, आणि घरात भरलेली बंदूक राहते. दोन्ही वाईट. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असेही नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. आत बसलेला बार गजाने टोकरू नका. थांबण्याची वेळ संपल्यावर केप काढा, नळीत पाणी ओतून दारू पुरती भिजवा, आणि परवानाधारक दुरुस्ती करणाराकडून ती मोकळी करून घ्या.

परत आल्यावर

पहाटे घरी आलात की लगेच डबा उघडू नका. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच गार काडतुसांना उबदार, दमट हवेत घाम फुटतो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग काडतुसे कोरड्या फडक्याने पुसा, मोजा आणि जागेवर ठेवा.

जे भिजले, फुगले, हिरवे पडले किंवा ज्याची केप दबली पण बार झाला नाही, ते वेगळे काढून कुलपात ठेवा. पुन्हा झाडून बघू नका. विहिरीत टाकू नका, पुरू नका, जाळू नका. परवानाधारक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारून त्याची विल्हेवाट लावा. किती नेली, किती झाडली, किती उरली हे वहीत लिहा. परवाना नव्याने करताना हिशेब चटकन देता येतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• लेखी परवानगीशिवाय जनावरावर बार नाही.
• घट्ट डबा, कोरडी जागा, कुलूप. चूल आणि ऊन दूर.
• शेतावर चार-पाचच काडतुसे, एका बोअरची, एकाच खिशात.
• बार उडाला नाही तर साठ मोजा. फुसका झाला तर नळी पाहा.
• हालचाल दिसली म्हणून झाडू नका. जनावर पुरते दिसले आणि त्याच्यामागे काय आहे हे कळले, तरच चापाला बोट. शेजारचा राखणदारही त्याच अंधारात बसलेला असतो. कोण कुठल्या माळ्यावर आहे हे संध्याकाळीच एकमेकांना सांगा.
• दारू पिऊन राखणीला जाऊ नका.

बंधूंनो, पुष्कळदा डबा वाजवून, बॅटरी मारून, कुत्र्याच्या भुंकण्यानेही डुकरे फिरतात. बंदूक हा शेवटचा उपाय आहे. तो शेवटचा म्हणूनच तो वेळेला चालला पाहिजे, आणि चालवणारा सकाळी धडधाकट घरी आला पाहिजे.

हे पत्रक माजघरात, सर्वांना दिसेल असे लावून ठेवा. शेजारच्या वाडीत कुणाकडे परवान्याची बंदूक असेल तर त्यांनाही वाचून दाखवा. तुमचे अनुभव आणि अडचणी कार्यक्रमाकडे जरूर लिहून पाठवा.