सबनॉटिका या खेळातील प्राणवायूचे व्यवस्थापन

सबनॉटिका हा सागरतळाच्या शोधावर आधारलेला संगणकीय खेळ असून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील अननोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट या कंपनीने तो विकसित केला आहे. १६ डिसेंबर २०१४ रोजी तो अपूर्णावस्थेत, म्हणजे खेळाडूंच्या सूचना घेत घेत पूर्ण करण्यासाठी, उपलब्ध करून देण्यात आला आणि २३ जानेवारी २०१८ रोजी त्याची संगणकासाठीची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. ४५४६बी या काल्पनिक जलमय ग्रहावर 'ऑरोरा' नावाचे अंतराळयान कोसळते व त्यातून बचावलेला एकटा प्रवासी समुद्रात तग धरून राहतो, असे त्याचे कथानक आहे. भूक, तहान, शरीराची शाबूत अवस्था आणि प्राणवायू या चार गोष्टी खेळाडूला सांभाळाव्या लागतात. त्यांपैकी भूक व तहान तासाभराच्या हिशेबाने चालतात. प्राणवायू मात्र सेकंदांच्या हिशेबाने संपतो. म्हणून खेळातील जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी श्वासापाशी येऊन ठेपतो. खेळाडूजवळ सुरीखेरीज मारक म्हणावे असे शस्त्र जवळजवळ नसते. त्यामुळे या खेळात शत्रूला मारण्यापेक्षा वेळेत वर येणे हेच खरे कौशल्य ठरते.

प्राणवायूचे मापन

खेळात प्राणवायू हा लिटर किंवा दाब यांत न मोजता सेकंदांत मोजला जातो. पडद्यावरील गोलाकार मापकात एक आकडा दिसतो. पाण्याखाली साधारणपणे दर सेकंदाला तो एकाने उतरतो आणि पृष्ठभागावर डोके काढताच काही क्षणांत पूर्ववत होतो. कोणतेही साधन नसताना ही मर्यादा ४५ सेकंद असते. तीस सेकंद उरले की यांत्रिक आवाजात इशारा मिळतो. आकडा शून्यावर आल्यावर दृश्य काळवंडू लागते आणि त्या थोड्या क्षणांत हवा न मिळाल्यास खेळाडू शुद्ध हरपतो. नेहमीच्या प्रकारात तो आपल्या बचावनौकेत किंवा तळावर पुन्हा जागा होतो. मात्र त्या फेरीत गोळा केलेल्या काही वस्तू त्याला गमवाव्या लागतात. 'हार्डकोअर' या कठोर प्रकारात मृत्यू कायमचा असतो आणि प्राणवायू संपत आल्याचा इशाराही दिला जात नाही. याउलट 'क्रिएटिव्ह' या मुक्त प्रकारात प्राणवायूचे बंधनच नसते. ज्यांना केवळ समुद्रतळाची शोभा पाहायची आहे त्यांच्यासाठी तो प्रकार सोयीचा असला, तरी त्यात या खेळाचा जीव उरत नाही.

टाक्या आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या

पहिली टाकी टायटॅनियमच्या तीन तुकड्यांपासून बचावनौकेतील निर्मितियंत्रावर तयार होते. ती पाठीवर चढवताच मर्यादा ४५ वरून ७५ सेकंदांवर जाते. यानंतरची मोठ्या धारणक्षमतेची टाकी ९० सेकंदांची भर घालते. म्हणजे एकूण १३५ सेकंद, सव्वादोन मिनिटे. जुनी टाकी फेकून न देता तिच्यावरच काच, चांदी व आणखी टायटॅनियम चढवून ही नवी टाकी घडवावी लागते. त्यापुढे दोन वाटा फुटतात आणि दोहोंसाठी तळावर सुधारणायंत्र बसवावे लागते. एक टाकी वजनाने हलकी असते; तिची क्षमता ९० सेकंदच राहते, पण पोहण्याचा वेग फारसा कमी होत नाही. दुसरी सर्वोच्च क्षमतेची टाकी १८० सेकंदांची भर घालते आणि एकूण मर्यादा २२५ सेकंदांवर, म्हणजे पावणेचार मिनिटांवर नेते. तिचे ओझे मात्र अंगावर जाणवते.

कोणती टाकी चांगली, याचे एकच उत्तर देता येत नाही. एखाद्या ठिकाणी जाऊन परत येण्याचे अंतर ठरलेले असेल तर वेग वाढवणे हे प्राणवायू वाढवण्यासारखेच असते. पायांना लावायचे पंख आणि हातात धरून चालवायचे 'सीग्लाइड' हे यंत्र यांना खेळात श्वासाची साधने म्हणत नाहीत; पण तेच सेकंद दुप्पट अंतर कापण्यास पुरत असतील तर त्यांचे कार्य टाकीचेच ठरते. नवखे खेळाडू टाकीच्या मागे लागतात आणि पंख करायचे राहून जातात, असे पुष्कळदा दिसते. भरलेली जादा टाकी सोबत नेऊन पाण्याखाली बदलता येते. परंतु ती सामानाच्या मर्यादित जागेत मोठा हिस्सा व्यापते, म्हणजे गोळा करायच्या वस्तूंना तेवढी जागा कमी उरते.

खोली आणि रीब्रीदर

पहिल्या १०० मीटरपर्यंत प्राणवायू एकाच गतीने संपतो. त्याखाली ही गती वाढते आणि अधिक खोलीवर आणखी वाढते. पावणेचार मिनिटांची टाकी पाठीवर असतानाही दोनशे मीटरांखालचा खेळाडू घाईत असतो, तो यामुळे. यावरील उपाय म्हणजे चेहऱ्यावर बसवायचा 'रीब्रीदर'. तो घातला की कितीही खोलीवर प्राणवायू पृष्ठभागाजवळच्याच गतीने संपतो. तंतुजाळी व तारांचा संच यांपासून तो तयार होतो. तुलनेने स्वस्त असलेले हे साधन पुढील सर्व खोल प्रवासाचे दार उघडते.

वाहने, तळ आणि नळ

एका मर्यादेनंतर श्वास पाठीवर वाहून नेण्याऐवजी हवेचे ठिकाणच सोबत न्यावे लागते. 'सीमॉथ' ही एका माणसाची छोटी पाणबुडी २०० मीटरपर्यंत सुरक्षित असते आणि सुधारणांनी ९०० मीटरपर्यंत जाऊ शकते. 'सायक्लोप्स' ही मोठी पाणबुडी ५०० मीटरपासून आणि 'प्रॉन' हा यांत्रिक चिलखतवजा पोशाख ९०० मीटरपासून आरंभ करून दोन्ही सुधारणांअंती १७०० मीटरपर्यंत पोहोचतात. या वाहनांत व समुद्रतळावर बांधलेल्या घरांत विद्युत्शक्ती असेपर्यंत हवेची चिंता नसते. वीज गेली की हवाही गेली. म्हणजे येथे प्राणवायूचा प्रश्न सुटत नाही, तो विजेच्या प्रश्नात रूपांतरित होतो.

पृष्ठभागावर तरंगणारा पंप आणि त्याला एकापुढे एक जोडत नेलेले नळ हा आणखी एक मार्ग आहे. नळाच्या टोकाशी बुडबुडे निघतात व तेथे श्वास भरून घेता येतो. हे काम वेळखाऊ असल्याने बहुतेक खेळाडू त्याकडे दुर्लक्ष करतात. तथापि गुहेच्या तोंडापासून आत नेलेली नळांची रांग परतीचा रस्ताही दाखवते, हा तिचा फारसा कोणी न सांगितलेला गुण आहे. उथळ पाण्यातील मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळातूनही ठरावीक वेळाने हवेचे बुडबुडे सुटतात.

१४ मे २०२१ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या 'सबनॉटिका : बिलो झीरो' या पुढील खेळात डोक्यावर बर्फाचे छत असते. सरळ वर येऊन श्वास घेण्याची सोय अनेक ठिकाणी नसल्याने तेथे प्राणवायू देणाऱ्या वनस्पतींची योजना केलेली आहे.

परतीचा हिशेब

अर्धी हवा संपली की मागे फिरावे, असा साधा नियम खेळाडू आपोआप शिकतात. मोकळ्या पाण्यात तो पुरतो. बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत किंवा गुहेत पुरत नाही, कारण आत जाताना वाट शोधण्याचा वेळ जसा जातो तसा परततानाही जाऊ शकतो. प्रत्यक्षात गुहांत उतरणारे पाणबुडे एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेली अडचणीसाठी राखून ठेवतात. या खेळातील अवशेषांनाही हाच नियम लागू करणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्यक्ष पाणबुडेगिरीशी तुलना

खेळातील टाकीला प्राणवायूची टाकी म्हटले जाते. प्रत्यक्षात हौशी पाणबुड्यांच्या सिलिंडरात बहुधा साधी दाबलेली हवाच असते आणि तिच्यात प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. शुद्ध प्राणवायू सहा मीटरपेक्षा खोल गेल्यावर विषारी ठरू शकतो व झटके येऊ शकतात.

दुसरा फरक खोलीचा आहे. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासाला सिलिंडरातील अधिक हवा लागते. बारा लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर ६०, २० मीटरवर ४० आणि ३० मीटरवर ३० मिनिटे. प्रत्यक्षात ५० बार हवा शिल्लक ठेवून वर यायचे असते, त्यामुळे ३० मीटरवरील अर्धा तास बावीस मिनिटांवर येतो. वापर दुप्पट होण्याची पहिली पायरी अशी अवघ्या दहा मीटरवर असते, खेळाप्रमाणे शंभर मीटरनंतर नव्हे. हौशी पाणबुडेगिरीची सर्वसाधारण मर्यादाच ४० मीटर आहे.

खरा रीब्रीदर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन तीच हवा पुन्हा वापरतो. खेळातील कल्पना त्यावरूनच उचललेली आहे. परंतु रक्तात विरघळणारा नायट्रोजन खेळाने पूर्णपणे वगळला आहे. सबनॉटिकाचा खेळाडू दोनशे मीटरवरून बाणासारखा वर येतो व त्याला काही होत नाही. प्रत्यक्षात दाबाची हवा घेतलेल्या माणसाने मिनिटाला सुमारे ९ मीटर या गतीने वर यावे लागते आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. तसेच सिलिंडरची हवा घेत असताना श्वास कधीही रोखून धरायचा नसतो. दहा मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट आकारमान मागते आणि फुप्फुस फाटू शकते. महाराष्ट्रात मालवण तालुक्यातील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. अशा प्रशिक्षणात हा नियम अगदी आरंभी शिकवला जातो.

श्वास रोखणे आणि मराठवाड्यातील विहिरी

नांदेड व लातूर या जिल्ह्यांना समुद्र नाही. कंधारचा जगत्तुंग समुद्र नावाने समुद्र असला तरी तलावच आहे, आणि लातूर शहराला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. तरीही या खेळाशी सर्वांत जवळचा अनुभव तेथील मुलांना असतो, तो विहिरीचा. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मुले पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत पैजा लावतात. तळाशी बुडी मारून मूठभर चिखल वर आणून दाखवणे हा त्यांतील सर्वमान्य पुरावा. येथे टाकी नसते, मापक नसतो. खेळातील पहिल्या ४५ सेकंदांचीच ही परिस्थिती होय.

खेळ आणि शरीर यांतील सर्वांत घातक फरक याच ठिकाणी आहे. खेळातील मापक प्राणवायू दाखवतो. शरीराला मात्र प्राणवायू कमी झाल्याची वेळेवर जाणीव होत नाही. श्वास घेण्याची तीव्र ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. बुडीपूर्वी जोरजोराने अनेक श्वास घेतले की शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो, प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. त्यामुळे ओढ उशिरा लागते आणि ती लागण्याआधीच शुद्ध हरपू शकते. दम वाढवण्याची म्हणून सांगितली जाणारी ही युक्ती प्रत्यक्षात इशारा बंद करून टाकते. खेळातील हार्डकोअर प्रकारासारखेच हे होय, मात्र त्यात निदान आकडा तरी दिसत असतो.

खोल विहिरीत आणखी एक गोष्ट घडते. दहा मीटरवर दाब दुप्पट असल्याने फुप्फुसांतील उरलासुरला प्राणवायूही रक्ताला पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि तोच साठा एकाएकी अपुरा पडतो. म्हणूनच तळाशी ठीक असलेला पोहणारा पृष्ठभागाच्या अगदी जवळ, शेवटच्या काही हातांवर, हालचाल न करता खाली जाऊ शकतो. तो आरडाओरड करत नाही, हातपाय मारत नाही. काठावरच्यांना तो अजून दम धरून आहे असे वाटते. खेळात आकडा शून्याच्या वर असेपर्यंत खेळाडू पूर्ण शक्तीने पोहत असतो, त्यामुळे हा प्रकार त्यात कधीच दिसत नाही.

पाणी नसलेल्या किंवा आटलेल्या जुन्या विहिरींतही हवेचा प्रश्न असतो. तळाशी कार्बन डायऑक्साइडसारखा जड वायू साचतो, तर आत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड जमतो. उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत प्राणवायूची उणीव दाखवते. विषारी वायू मात्र ती दाखवू शकत नाही, आणि ज्वालाग्राही वायू असल्यास उघडी ज्योत स्वतःच धोका ठरते. आत कोसळलेल्या माणसाला काढण्यासाठी दुसरा माणूस तसाच उतरला, तर बहुधा तोही वर येत नाही. अशा वेळी दोर, बाहेरून सोडलेली हवा आणि अग्निशमन दलाचे श्वसनयंत्र हीच साधने उपयोगी पडतात. त्या श्वसनयंत्राच्या पाठीवरील सिलिंडरातही दाबलेली साधी हवाच असते आणि ती संपत आल्यावर शिट्टी वाजते.